पारडं एका बाजूला झुकलेलं असताना मध्यस्थी कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात मध्यस्थापुढे येणारी भांडणं साधारण ठरलेली असतात. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, नवरा-बायकोचं बिनसलेलं, उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपचं थकलेलं बिल, ऊसतोड टोळीची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), वडगाव-खासबागेतली मागाची मजुरी. यात दोन्ही बाजू तोलामोलाच्या असल्याचं क्वचितच दिसतं. एकाकडे कागद, पैसा आणि मागे उभी राहणारी माणसं असतात, दुसऱ्याकडे बहुधा नुसती गरज. अशा वेळी 'मी तटस्थ आहे, दोघांना दहा-दहा मिनिटं देतो' म्हणणारा मध्यस्थ नकळत जोरकस बाजूचंच काम सोपं करून देतो. ज्याला चारचौघांत बोलायची सवय आहे त्याला दहा मिनिटं पुरतात. जिनं थोरल्या दीरापुढे आजवर तोंड उघडलं नाही तिची दहा मिनिटं पदर सावरण्यात जातात.

दुबळ्याचा कैवार घेणं हीही तितकीच मोठी चूक. कैवार दिसला की दुसरी बाजू उठून जाते आणि दुबळी बाजू होती तिथेच राहते. म्हणून एक मर्यादा पक्की ठेवावी. तडजोड काय व्हावी हे पक्षकारांनी ठरवायचं. ती ठरवताना दोघांना समजतंय, दोघांना बोलता येतंय आणि दोघांना 'नाही' म्हणता येतंय, एवढं पाहणं मध्यस्थाकडे. पुढची सगळी खटपट याच मर्यादेतली.

आधी जोर कुठे आहे ते शोधा

पैसेवाला तो बलवान, असा झटपट हिशेब करू नका. जमीन विकायला गिऱ्हाईक तयार आहे आणि एका बहिणीची सही बाकी आहे, तर त्या महिन्यात सगळ्यांत जास्त जोर त्या बहिणीच्या सहीत असतो. फक्त तिला ते ठाऊक नसतं आणि भावाला चांगलं ठाऊक असतं. ऊसतोडीत तर जोर कॅलेंडरप्रमाणे फिरतो. पावसाळ्यात टोळीला घरखर्चाला उचल हवी असते, तेव्हा मुकादम (टोळी जमवणारा) सांगेल तो आकडा कागदावर येतो. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, फडात ऊस उभा आहे आणि गाडी रिकामी थांबलीय, की तोच मुकादम टोळीच्या मागे फिरतो. हंगाम संपला की हिशेबाची वही पुन्हा त्याच्या हातात. त्यामुळे बैठक कोणत्या महिन्यात ठेवली यानेही निकाल बदलतो. एखादी बाजू तारीख पुढे ढकलत असेल तर ती कशाची वाट पाहतेय ते विचारा.

थांबण्याची ताकद हा वेगळाच जोर. फौंड्रीचं कास्टिंग मशीनिंग करून देणाऱ्या वर्कशॉपवाल्याला शनिवारी पगार वाटायचे असतात, मोठ्या कंपनीला सहा महिने थांबता येतं. कायदा इथं छोट्याच्या बाजूचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. पण वर्कशॉपवाला हे कलम काढत नाही, कारण त्याला पुढची ऑर्डर हवी असते. म्हणजे जोर बिलात नाही, पुढच्या ऑर्डरीत आहे. हे ओळखलं नाही तर व्याजावरच चर्चा चालते आणि शेवटी तो मुद्दलातही सूट देऊन बसतो.

पहिली भेट वेगवेगळी, न चुकता

एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाला स्वतंत्र भेटा, किमान ४० ते ४५ मिनिटं. पती-पत्नी आणि भावा-बहिणीच्या प्रकरणात या भेटी वेगळ्या दिवशी ठेवलेल्या बऱ्या. एकाच दिवशी ठेवल्या की दोघं एकाच गाडीवरून येतात आणि वाटेत 'काय बोलायचं' ते ठरतं.

तुमची काय मागणी आहे, इथून सुरुवात करू नका. मागणी पाठ केलेली असते. त्यापेक्षा हे विचारा: निर्णय घेण्याआधी घरी कोणाला विचारावं लागतं? समोरचा खोलीत असताना मोकळं बोलाल का? आज इथं कोणाबरोबर आलात, परत कसं जाणार? बोलणी फिसकटली तर उद्या सकाळी तुमच्या घरात काय होईल? कागद पाहिलेत का, कोणाकडे आहेत? कधी हात उगारला गेलाय का, धमकी आलीय का? शेवटचा प्रश्न पुरुषालाही विचारायचा, आणि सगळ्यांना त्याच शब्दांत. फक्त बाईलाच विचारला तर बाहेर गेल्यावर 'तिनं आत काय सांगितलं' हे नवं भांडण सुरू होतं.

परत जाण्याचा प्रश्न फुटकळ वाटतो, तसा तो नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या वाडीतून आलेल्या माणसाला शेवटची एसटी चुकली तर मुक्काम पडतो. साडेचारला त्याची नजर घड्याळावर जाते आणि 'द्या, कुठं सही करू' सुरू होतं. बैठकीची वेळ लांबून येणाऱ्याच्या गाडीवरून ठरवा आणि त्या गाडीच्या एक तास आधी काम थांबवा. जवळच्या माणसाचा खोळंबा झाला तरी चालेल.

कागद: इथंच निम्मं काम होतं

माहितीतली तफावत ही सगळ्यांत सहज भरून काढता येणारी, आणि तरीही सगळ्यांत दुर्लक्षित. जमिनीच्या प्रकरणात एकत्र बैठकीआधी दोन्ही बाजूंच्या हातात एकसारखा संच हवा: चालू उतारा (जमिनीच्या हक्काची सरकारी नोंद), मागच्या वर्दींच्या (उताऱ्यावर नाव बदलण्याच्या नोंदींच्या) नकला, वंशावळ, बोजा दाखला (जमिनीवर कर्ज किंवा हक्क आहे का ते सांगणारा), मोजणीचा नकाशा, गावठाणातलं घर असेल तर ई-स्वत्तूचा (कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) नमुना ९ आणि ११. प्रती मध्यस्थानं काढून घ्याव्यात. 'तुम्ही आणा' म्हटलं की ज्याच्या कपाटात कागद आहेत तोच आणतो, आणि त्याला हवे तेवढेच आणतो.

उतारा कन्नडमध्ये असतो. मराठी शाळेत शिकलेल्या साठीतल्या बाईला तो दाखवणं आणि न दाखवणं सारखंच. तिला रकाने समजावून सांगा. ९ व्या रकान्यात मालकाचं नाव, १० व्यात ते नाव कशानं लागलं, ११ व्यात बोजा आणि इतर हक्क, १२ व्यात कोण कसतं आणि काय पीक. भावानं सोसायटीचं कर्ज काढलं असेल तर ते ११ व्यात सापडतं, आणि बऱ्याचदा बहिणीला ते तिथंच पहिल्यांदा कळतं.

मग आकडा मांडा. समजा आई-वडील दोघंही मृत्युपत्र न करता गेले, मागे दोन भाऊ आणि दोन बहिणी, जमीन ४ एकर २० गुंठे. म्हणजे १८० गुंठे, प्रत्येकी ४५. गुंठ्याला बाजारभाव ५० हजार धरला तर एका हिश्श्याचे साडेबावीस लाख. भाऊ 'साडीचोळी आणि एक लाख' म्हणत असेल तर ते कशाच्या बदल्यात आहे हे तिला सहीआधी दिसायला हवं. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीनं मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखाच जन्मजात हक्क दिला. वडील त्या दिवशी हयात होते की नाही यानं फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं वाटणी झालेली असेल तर ती मोडत नाही, म्हणून जुनी वाटणी आहे का ते आधी तपासा.

हे सगळं कळूनही ती हक्कसोड देईल. माहेर टिकावं म्हणून, आईला भावानं सांभाळलं म्हणून, किंवा नुसतं भांडण नको म्हणून. तो तिचा अधिकार आहे. साडेबावीस लाख माहीत असताना सोडलेला हक्क आणि माहीत नसताना सोडलेला हक्क, यांतला पहिलाच टिकतो.

कायद्याचा सल्ला मात्र मध्यस्थानं स्वतः देऊ नये. 'तुमचा हक्क असा आहे' ही माहिती झाली, 'तुम्ही सोडू नका' हा सल्ला. सल्ल्याची गरज लागली की बैठक थांबवून तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा फोन क्रमांक. पाठवताना समोरच्यालाही सांगा की त्यानंही आपल्या वकिलाला विचारून यावं. नाहीतर पक्षपाताचा संशय येतो.

भाषेचा जोर

सीमाभागात हा मुद्दा राजकारणाकडे वळायला वेळ लागत नाही. बैठकीत तो कामापुरताच ठेवा: कोणाला कोणत्या भाषेत भांडता येतं आणि कोणत्या भाषेत वाचता येतं? या दोन्ही वेगळ्या असू शकतात. घरात मराठी बोलणारा पुतण्या कन्नड माध्यमात शिकलेला असतो, कचेरीत तोच सराईत असतो, काका नुसते मान हलवतात. उलटंही दिसतं. शहरातल्या मराठी कारखानदारासमोर बागलकोटकडून आलेला कन्नड कामगार बसलेला असतो आणि सगळी चर्चा मराठीत चाललेली असते. दोन्हीकडे उपाय एकच.

दुभाषी नात्यातला नको, गावातला हितसंबंध असलेला नको. त्यानं वाक्यावाक्याला थांबून सांगायचं, 'तो म्हणतोय की जमणार नाही' असा गोषवारा चालणार नाही. दुभाषी असेल तर वेळ दुप्पट धरा. दोन तासांची बैठक चार तासांची होते आणि ती एका दिवसात कोंबली की थकलेला माणूस होकार देतो. तडजोडपत्र दोन्ही भाषांत करा आणि अर्थामध्ये फरक निघाला तर कोणतं धरायचं हे त्यातच लिहा. सब-रजिस्ट्रारकडचा दस्त कन्नडमध्ये होणार असेल तर तो मराठीतल्या मजकुराशी कलमाकलमानं ताडून पाहा. भाषांतरात सर्वे नंबर, गुंठे आणि दिशा यांत चुका होतात.

जागा आणि माणसं

एक पक्षकार ज्या दूध सोसायटीचा चेअरमन आहे तिच्या हॉलमध्ये बैठक नको. देवळाच्या सभामंडपात नको. तिथं सगळ्यांनाच मोकळं वाटतं असं नाही, आणि बाया कडेला बसतात. शाळेची खोली, विधी सेवा समितीचं कार्यालय किंवा दोघांनाही परकी असलेली जागा पाहा. खुर्च्या सारख्या उंचीच्या असाव्यात आणि दाराजवळची खुर्ची जास्त घाबरलेल्या माणसाला द्या. एक जण खुर्चीत आणि एक सतरंजीवर, हे अजूनही दिसतं. तिथंच बैठक अर्धी हरलेली असते.

प्रत्येक बाजूबरोबर एकच सोबती. तो बोलणार नाही, कानात सांगू शकेल. गावच्या पंच कमिटीतली माणसं येणार असतील तर आधी ठरवा, ती मध्यस्थ आहेत की एका बाजूची पाठराखण करणारी. पंचांचा दबदबा तडजोड टिकवायला उपयोगी पडतो, ती ठरवायला घातक. त्यामुळे त्यांना शेवटी, सहीच्या वेळी साक्षीदार म्हणून बोलावलेलं चांगलं.

स्वतःच्या जिभेवरही लक्ष हवं. एकाला 'साहेब' आणि दुसरीला 'अगं' म्हटलं की पुढचं सगळं त्यातच कळतं. वय काहीही असो, दोघांना 'तुम्ही'. अक्का म्हणायचं तर समोरच्यालाही आण्णा म्हणा.

एकत्र बैठक

ज्याचा आवाज लहान त्याला आधी बोलू द्या. थोरल्यानं आधी बोलून एकदा चौकट आखली की धाकटा त्या चौकटीतच उत्तरं देत राहतो. ज्याला बोलणं जमत नाही त्याच्याकडून आदल्या भेटीत चार मुद्दे कागदावर उतरवून घ्या; तो वाचून दाखवेल किंवा तुम्ही वाचाल, ही मुभा दोघांनाही. मधे तोडणाऱ्याला हातात कागद-पेन्सिल द्या: 'आण्णा, लिहून ठेवा, तुमची पाळी आली की पहिलं तेच घेऊ.' दोनदा सांगूनही तोडत राहिला तर रागवायचं नाही, बैठक मोडून वेगळ्या खोल्यांत घ्यायची.

फळ्यावर आकडे आणि मुद्दे लिहीत राहा. तोंडी बोलण्यात मोठा आवाज जिंकतो, फळ्यावर दोघांचे आकडे एकाच उंचीचे दिसतात. मागवाल्यांच्या प्रकरणात तर वस्तूच टेबलावर आणा: डागी म्हणून मजुरी कापलेली साडी आणि कापणीची नोंद. साडी समोर असली की 'सगळा मालच खराब' हे वाक्य टिकत नाही.

वेगळ्या खोलीत

वेगळी भेट दोघांनाही द्यायची, जवळपास सारख्या वेळेची. कोणाबरोबर वीस मिनिटं आणि कोणाबरोबर दीड तास झाला तर कारण दोघांसमोर सांगा. इथं दुबळ्या बाजूला 'थोडं सोडा, मिटून जाईल' म्हणण्याचा मोह होतो, कारण ती लवकर ऐकते. मध्यस्थीत सगळ्यांत जास्त अन्याय याच वाक्यानं होतो.

खरी मेहनत जोरकस बाजूवर करा. तिला विचारा: दावा चालला तर काय? वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूम, मग कोर्टानं नेमलेल्या कमिशनरची मोजणी, मग अंतिम हुकूम, मधे अपिलं. तोवर जमीन सहजासहजी विकता येत नाही, गिऱ्हाईक थांबत नाही. आणि दबावाखाली घेतलेली सही? १८७२ च्या करार कायद्याचं कलम १६ 'अनुचित प्रभाव' ओळखतं: एकाचं दुसऱ्यावर वर्चस्व असेल आणि त्याचा गैरफायदा घेऊन करार झाला असेल तर तो करार दुसऱ्याला रद्द करून घेता येतो. भावाला हे नीट कळलं की बहिणीला वकील मिळावा असं तोच म्हणू लागतो, कारण त्यात त्याचीही सोय असते.

दुबळ्या बाजूबरोबर मात्र एकाच गोष्टीवर काम करा: तडजोड झाली नाही तर तिच्याकडे काय उरतं? मोफत वकील, पोटगीचा अर्ज, छोट्या उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार, दुसरी ऑर्डर. ज्याला दुसरी वाट दिसते त्याला 'नाही' म्हणता येतं.

कुठे थांबायचं

काही प्रकरणं प्रक्रिया कितीही नीट सांभाळली तरी समतोल होत नाहीत. मारहाण चालू असेल, बाईला घरी परत जायची भीती असेल तर मध्यस्थी नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आधी, १८१ ही मदतवाहिनी. उचल फिटेपर्यंत टोळीला डांबून ठेवलं असेल, मुलांना गाडीवाल्याकडे ठेवून घेतलं असेल तर तो हिशेबाचा वाद राहत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि त्यावर 'किती फेडायचं' अशी बोलणी लावणारा मध्यस्थ गुन्ह्याला हातभार लावतो. तहसीलदार आणि पोलिसांकडेच जायचं. अज्ञान (१८ वर्षांखालील) वारसाचा हिस्सा असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणीही त्याच्या वतीनं तडजोड करू शकत नाही. दारू पिऊन आलेला माणूस असेल तर तारीख बदला, त्याला कितीही घाई असली तरी.

बैठक चालू असतानाही खुणा दिसतात. प्रत्येक उत्तर 'दादा म्हणेल तसं'. तेच वाक्य तसंच्या तसं तीनदा. जेवणाच्या सुट्टीनंतर सकाळची मागणी एकाएकी नाहीशी होणं. बोलण्याआधी समोरच्याकडे बघणं. यातलं काही दिसलं की वेगळ्या खोलीत जाऊन विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर बंद करा. बंद करताना कारण जाहीर करू नका. 'आज पुढे जाता येत नाही' एवढंच. अर्ध्यावर थांबलेल्या बैठकीचा राग घरी दुबळ्यावर निघतो.

सहीच्या आधी आणि नंतर

मसुदा झाला की सही त्याच दिवशी घेऊ नका, सात दिवस द्या. गिऱ्हाईक पळेल, मुहूर्त जाईल, पाहुणे परत जातील, अशी कारणं दोन्हीकडून येतात. कारण खरं असलं तरी मधे किमान एक रात्र हवीच. त्या काळात मसुदा वकिलाला दाखवायला सांगा. परत आल्यावर प्रत्येकाला एकटं बसवून विचारा: यात काय ठरलंय ते तुमच्या शब्दांत सांगा. ज्याला सांगता आलं नाही त्याची सही घेऊ नये, अंगठा तर नाहीच.

कलमं मोघम ठेवू नका. 'लवकरच रक्कम देईल' याचा अर्थ दुबळ्या बाजूनं वर्षभर हेलपाटे घालायचे. रक्कम किती, कोणत्या तारखेला, बँकेतून की डिमांड ड्राफ्टनं, दस्तखर्च कोणाचा, वर्दी कोण टाकणार, ताबा कधी. हक्कसोडीच्या प्रकरणात पैसे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत सहीच्या आधी हातात पडायला हवेत. स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, साध्या बाँडवरचा कागद पुढे उपयोगाचा नाही. हप्ते असतील तर पुढच्या तारखांचे चेक घ्या आणि पैसे घेणाऱ्याला मुदती लिहून द्या: चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. एक मुदत हुकली की चेकचा जोर बहुधा जातो. वर्कशॉपच्या तडजोडीत पुढच्या ऑर्डरीचं बोलणं झालं असेल तर तेही लिहून घ्या: किती नग, कोणत्या महिन्यापर्यंत, बिल किती दिवसांत.

कोर्टात दावा चालू असेल तर तडजोड कोर्टापुढे ठेवून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ खाली हुकूमनामा करून घ्या, किंवा लोकअदालतीत निवाडा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे तिथं जाण्याआधी वरची एकट्यानं विचारण्याची पायरी दुप्पट काळजीनं पार पाडा.

महिनाभरानं दोघांना वेगवेगळा फोन करा. उताऱ्यावर नाव लागलं का, पहिला हप्ता आला का, वर्दीवर कोणी हरकत घेतली का. बाईला फोन करायचा तर कोणत्या वेळी आणि कोणाच्या नंबरवर, हे पहिल्याच भेटीत तिच्याकडून लिहून घेतलेलं असावं.